चुलवाण विझलं तिथून सुरुवात कर

पत्र:

आदरणीय मॅडम,
मी एम.ए. भाग दोनला आहे, विषय अर्थशास्त्र. प्रोजेक्टचा विषय ‘करवीर तालुक्यातील गुऱ्हाळ व्यवसायाचा आर्थिक अभ्यास’ असा घेतलाय. पहिलं प्रकरण, म्हणजे प्रस्तावना, १८ पानांची लिहून दिली. त्यात उसाचा इतिहास, भारतातला आणि महाराष्ट्रातला साखर उद्योग, कोल्हापूरचा इतिहास, गुळाचे औषधी गुणधर्म असं सगळं घेतलं होतं. सरांनी पहिल्याच पानावर ‘हे कुणाच्याही प्रबंधात बसेल’ असा शेरा मारून परत दिलं. मैत्रीण म्हणते, चॅटजीपीटीकडून लिहून घे, सगळे तेच करतात. आमचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं. २०१९ च्या पुरात चुलवाण, म्हणजे रस आटवायची भट्टी, खचलं आणि पप्पांनी ते परत बांधलं नाही. शेजारच्या काकांचंही तेवढंच पाण्यात होतं, पण त्यांचं दिवाळीनंतर दरवर्षी पेटतं. याबद्दल लिहावंसं वाटतं, पण घरच्या गोष्टी संशोधनात चालत नाहीत असं ऐकलंय. शिवाय आमच्याकडे हिशेबाचं काही लिहून ठेवलेलं नाही. सबमिशनला पाच आठवडे आहेत. प्रस्तावना नेमकी कशी लिहायची?
– गुऱ्हाळावरची पोर, ता. करवीर

उत्तर:

पोरी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी पेन्सिलीनं तीन वाक्यांखाली रेघ ओढली. पुरात चुलवाण खचलं. पप्पांनी ते परत बांधलं नाही. शेजारच्या काकांचं मात्र दरवर्षी पेटतं. गाव एक, नदी एक, शिवार एक, पाणीही दोघांकडं तेवढंच चढलं. तरी एक गुऱ्हाळ थांबलं आणि एक चालू राहिलं. असं का झालं, हा तुझा प्रश्न आहे. अठरा पानांत तो कुठंच आलेला दिसत नाही आणि पत्रात तू सहज लिहून गेलीस.

सरांच्या शेऱ्यानं वाईट वाटलं असेल, पण त्यांनी अगदी नेमकं बोट ठेवलंय. तुझी अठरा पानं घे आणि ‘गूळ’ जिथं जिथं आहे तिथं ‘दूध’ लिही, ‘गुऱ्हाळ’च्या जागी ‘डेअरी’ लिही. बहुतेक परिच्छेद तसेच्या तसे चालतील. जो परिच्छेद असा बदल केल्यावर मोडून पडेल, तेवढाच तुझा. तो वेगळ्या कागदावर काढून ठेव. बाकीचा मजकूर फेकून द्यावा लागेल, आणि त्याचं दुःख करत बसू नकोस. विषयात शिरण्याआधी प्रत्येकाला एकदा तसं लिहून मोकळं व्हावं लागतं. ते लिहिणं तुझ्या तयारीसाठी होतं, वाचणाऱ्यासाठी नव्हतं.

प्रस्तावनेचं काम काय, हे आपल्याकडं वर्गात फारसं कुणी सांगत नाही. उपशीर्षकांची यादी देतात: विषयाची ओळख, समस्या, उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती, मर्यादा, महत्त्व, प्रकरणांची मांडणी. मुलं मग फॉर्म भरावा तशी ती भरतात. जॉन स्वेल्स नावाच्या भाषाअभ्यासकानं १९८१ साली वेगवेगळ्या शास्त्रांतल्या ४८ शोधलेखांच्या प्रस्तावना समोर ठेवून त्या आतून कशा चालतात ते पाहिलं, आणि १९९० मध्ये ती मांडणी सुधारून तीन पावलांत बसवली. आधी लेखक आपलं शिवार दाखवतो. मग त्या शिवारात कुठला तुकडा पडीक राहिलाय ते दाखवतो. आणि मग म्हणतो, हा तुकडा मी कसणार आहे. शिवाराचा शब्द माझा, पावलं त्याची. तुझ्या अठरा पानांत पहिलं पाऊलच लांबत गेलंय. पडीक तुकडा वाचणाऱ्याला दिसतच नाही, त्यामुळं तू नांगर घेऊन का उभी आहेस हे त्याला कळत नाही.

पहिलं पाऊल केवढं असावं? ज्या जागेवर उभं राहिलं की प्रश्न दिसतो, तिथून सुरू करायचं. तुला त्यासाठी भारतभर फिरायची गरज नाही, प्रयाग चिखलीच्या संगमाजवळ उभं राहिलं तरी पुरे. इतिहास घ्यायचाच नाही असं मी म्हणत नाही, पण प्रत्येक वाक्याला एकच विचार: हे काढलं तर माझा प्रश्न समजायला अडचण होते का? शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली, हे ठेव. गुळाला घराजवळ हक्काची पेठ आणि आडतदार कसे मिळाले ते त्यातून कळतं, आणि तुझ्या पप्पांचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, त्याच व्यवस्थेतून शाहू मार्केट यार्डात सौद्याला जात होता. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हेही ठेव, पण नुसतं अभिमानानं सांगून सोडू नकोस. मानांकन गुळाला मिळालं, मग गुऱ्हाळं का बंद पडावीत, हा पेच त्या वाक्यातून उभा राहू दे. साखर कारखान्यांना उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, कायद्यानं द्यावी लागते, हेसुद्धा हवंच, कारण ऊस कारखान्याला घालायचा की गाळून गूळ करायचा हा हिशेब प्रत्येक मालक दर हंगामात मांडतो. गुळातलं लोह, अंबाबाईचं देऊळ आणि शिलाहार राजे यांचा मात्र तुझ्या प्रश्नाशी संबंध नाही. कोल्हापूरवर लिहिताना देवळापासून सुरुवात केली नाही तर काही चुकल्यासारखं वाटतं, मला ठाऊक आहे. तरीही काढ.

दुसऱ्या पावलावर मुलं हटकून एक वाक्य लिहितात: ‘या विषयावर आजपर्यंत संशोधन झालेले नाही.’ हे वाक्य तू लिहिणार नाहीस. शोधगंगा, म्हणजे प्रबंधांचं ऑनलाइन भांडार, उघड, तिथं गूळ, गुऱ्हाळ, ऊस असे शब्द मराठीत आणि इंग्रजीत घालून बघ. विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात जुने प्रबंध चाळ. प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आपल्या कोल्हापुरातच आहे, तिथं जाऊन काय काय छापलंय ते विचार. गुळावर काम झालेलं आहे, ते तुला सापडेलच. सापडल्यावर प्रत्येक अभ्यासाला एक गोष्ट विचार: माहिती कुणाकडून गोळा केली? उत्पादन खर्च, नफा, मजुरी यांचे आकडे प्रश्नावली भरून घेतले असतील तर ती प्रश्नावली चालू गुऱ्हाळावर बसूनच भरून घेतली असणार. धूर दिसतो तिकडंच माणूस जातो. ज्याचं चुलवाण विझलं, त्याच्या दारात प्रश्नावली घेऊन कोण जाणार? तुझ्या वाचनात खरंच असं निघालं, तर पडीक तुकडा तुला सापडला. या धंद्याबद्दल जे माहीत आहे ते टिकलेल्यांकडून माहीत झालंय, थांबलेल्यांकडून नाही. हे वाक्य तुझ्या प्रस्तावनेचा कणा होऊ शकतं. आणि ते तुला सुचायला कारण काय, तर तू थांबलेल्याच्या घरात वाढलीस.

म्हणून घरच्या गोष्टी चालत नाहीत हे जे तू ऐकलंस, ते अर्धंच खरं आहे. घरची गोष्ट पुरावा म्हणून चालत नाही. पप्पांचं गुऱ्हाळ बंद झालं म्हणजे सगळी त्याच कारणानं बंद झाली, असं म्हणता येणार नाही. पण प्रश्न घरातून येऊ शकतो, आणि तो तसा आलाय हे लपवायचं नाही. पहिल्या प्रकरणात साध्या शब्दांत लिही: संशोधिकेच्या कुटुंबाचं गुऱ्हाळ २०१९ पर्यंत चालू होतं, ते या अभ्यासाच्या नमुन्यात घेतलेलं नाही. दोन ओळी पुरतात. शेजारच्या काकांची मुलाखत तू स्वतः घेऊ नकोस, वर्गातल्या कुणाला तरी पाठव. तुझ्यासमोर ते पप्पांबद्दल मोकळेपणानं बोलणार नाहीत. तुला वाईट वाटू नये म्हणून आपल्या यशाची कारणंही कमी करून सांगतील. आपल्याकडं माणसं अशी असतात, आणि ते चांगलंच आहे, पण तुझ्या तक्त्यात त्यामुळं चूक शिरेल. ही काळजी तू कशी घेतलीस तेही प्रस्तावनेत येऊ दे.

आता सुरुवात कशी दिसेल ते दाखवते. हा मजकूर उतरवून घेऊ नकोस, फक्त चाल बघ.

‘ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेकाठच्या या गावातली सगळी गुऱ्हाळघरं पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर काहींची चुलवाणं पुढच्या हंगामात पेटली, काहींची आजवर पेटली नाहीत. या सर्वांना ऊस त्याच शिवारातून मिळत होता आणि त्यांचा गूळ त्याच बाजारात जात होता. आपत्ती एकच असताना मालकांचे निर्णय वेगवेगळे का झाले, याचा शोध प्रस्तुत प्रकल्पात घेतला आहे.’

चार वाक्यं आहेत. यातलं ‘सगळी’ हे तू गावात फिरून मोजल्याशिवाय लिहायचं नाहीस, आणि ‘काही’च्या जागी आकडे यायला हवेत. किती गुऱ्हाळघरं होती, किती पेटली, किती विझली. तीन आकडे आहेत, एका रविवारी मिळतील. ते तुझ्या प्रस्तावनेत आले की सरांना तो शेरा पुन्हा मारता येणार नाही, कारण ते आकडे दुसऱ्या कुणाच्या प्रबंधात बसणारच नाहीत.

आणि शीर्षक बदलून घे. ‘आर्थिक अभ्यास’ या दोन शब्दांत काहीही मावतं, म्हणूनच तुझं प्रकरण अठरा पानांवर गेलं. अख्खा करवीर तालुका पाच आठवड्यांत तुझ्याच्यानं होणार नाही. नदीकाठची दोन-तीन गावं घे. सरांना उद्याच भेट, तोंडी विचार, हो म्हणतील असं मला वाटतं.

उद्दिष्टांत ‘अभ्यास करणे’ हे क्रियापद वापरू नकोस. ‘गुऱ्हाळांच्या समस्यांचा अभ्यास करणे’ हे उद्दिष्ट पूर्ण झालं की नाही, ते कुणी कसं ठरवायचं? त्यापेक्षा बंद आणि चालू गुऱ्हाळांच्या पुरानंतरच्या पहिल्या हंगामातल्या भांडवलाची तुलना करणे, असं लिही. मालकांनी निर्णय घेताना कुणाकुणाचा सल्ला घेतला ते नोंदवणे, असं लिही. दोन किंवा तीन उद्दिष्टं बास. शेवटच्या प्रकरणातले निष्कर्ष लिहून झाले की दोन्ही पानं शेजारी ठेवून ताडून बघ, प्रत्येक उद्दिष्टासमोर एक निष्कर्ष उभा राहिला पाहिजे.

गृहीतकाचंही तसंच. ‘गुऱ्हाळ व्यवसायासमोर अनेक समस्या आहेत’ हे गृहीतक नव्हे, कारण ते खोटं ठरूच शकत नाही. खोटं ठरायची जोखीम असेल तर ते गृहीतक. समजा तू म्हणालीस, पुरानंतर ज्यांना आडत्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मिळाली त्यांच्यात गुऱ्हाळ चालू ठेवण्याचं प्रमाण उचल न मिळालेल्यांपेक्षा जास्त आहे. आता हे गावात जाऊन तपासता येईल. कदाचित उचलीचा काही संबंध नाही असं निघेल, खरं कारण गूळ शिजवणारा गुळव्या दुसरीकडं गेला हे असेल, किंवा घरातली पोरं नोकरीला लागली आणि चुलवाणापाशी जळण सारायला माणूस उरला नाही हे असेल. गृहीतक चुकलं तर मार्क जातात ही समजूत डोक्यातून काढ. चुकलेलं गृहीतक प्रामाणिकपणे मांडलेला प्रकल्प परीक्षकाला जास्त आवडतो. निदान मी परीक्षक असते तेव्हा मला आवडतो.

एका गोष्टीवर मी तुला जास्त वेळ घालवायला सांगेन, आणि ती म्हणजे व्याख्या. ‘बंद गुऱ्हाळ’ म्हणजे काय? एक हंगाम चुलवाण पेटलं नाही तर ते बंद समजायचं का? तसं असेल तर २०१९ साली पूर ओसरल्यावर दुरुस्तीत अडकलेलं आणि पुढच्या वर्षी पेटलेलं गुऱ्हाळही बंदमध्ये जाईल. मालकानं स्वतः सोडलं पण दुसऱ्याला भाड्यानं चालवायला दिलं, तर? फक्त काकवी करून विकतो, रवे काढत नाही, तर? तू ठरव आणि लिहून टाक: या अभ्यासात सलग दोन हंगाम चुलवाण न पेटलेलं गुऱ्हाळ म्हणजे बंद गुऱ्हाळ. तुझी व्याख्या वेगळी असली तरी हरकत नाही, पण एकदा लिहिली की शेवटच्या पानापर्यंत तीच. गुळव्या, चुलवाण, काहील, वाफा, चिपाड, मळी हे शब्द आपल्याला रोजचे आहेत. परीक्षक नागपूरकडचा आला तर त्याला ते ठाऊक असतीलच असं नाही. पहिल्यांदा येईल तिथं त्या वाक्यातच अर्थ उलगडून सांग. आणि गुळव्याला ‘कुशल कामगार’ करू नकोस. काहिलीतल्या रसाकडं बघून पाक कधी उतरवायचा ते सांगणारा माणूस तो, त्याचा शब्द त्याच्याकडंच राहू दे.

व्याप्ती आणि मर्यादा यांत गोंधळ करू नकोस. आपण होऊन आखलेलं कुंपण ती व्याप्ती, आपल्याला ओलांडता न आलेलं ती मर्यादा. दोन-तीनच गावं घेतली, ही व्याप्ती. मालकांच्या आठवणीवर विसंबावं लागलं आणि इतक्या वर्षांपूर्वीचे आकडे आठवताना चुकू शकतात, ही मर्यादा. ‘वेळेअभावी व पैशाअभावी’ असं लिहू नकोस.

‘संशोधनाचे महत्त्व’ या मथळ्याखाली शासनाला धोरण ठरवण्यास मदत होईल, असं लिहायची पद्धत पडलीय. अर्धं पान खरं लिही. पुढच्या पुरानंतर मदत कुणाला आणि कधी मिळाली तर चुलवाण पुन्हा पेटतं, एवढं जरी तुझ्या कामातून कळलं तरी ते मोठं आहे. २०२१ मध्येही पाणी आलं होतंच.

चॅटजीपीटीचं विचारलंस. ते तुला जी प्रस्तावना देईल ती पुन्हा कुणाच्याही प्रबंधात बसेल अशीच असेल, म्हणजे सरांचा शेरा कायम. त्यात कधी कधी नसलेल्या पुस्तकांचे आणि लेखांचे संदर्भही खऱ्यासारखे छापून येतात. वेबसाइटवरून उचललेल्या मजकुराचं म्हणशील तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य दंडाशिवाय चालतं, त्यापुढं पायऱ्यापायऱ्यांनी कारवाई वाढत जाते. पण टक्केवारीची भीती घालून मला तुला थांबवायचं नाही. तुझ्याकडं सांगण्यासारखं आहे. ते दुसऱ्याच्या शब्दांत गेलं तर माझ्या जिवाला लागेल.

आता पाच आठवड्यांचं. पहिल्या चार दिवसांत दोनच पानांची कच्ची प्रस्तावना लिही: प्रश्न, पडीक तुकडा, व्याख्या आणि उद्दिष्टं. ती सरांना दाखव आणि मगच प्रश्नावली तयार कर. प्रकरणांची मांडणी, महत्त्व, मर्यादा हे सगळं शेवटच्या आठवड्यात, निष्कर्ष हातात आल्यावर. पक्की प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहायची असते. माझ्या एम.फिल.च्या वेळी मी ती सगळ्यात आधी पक्की करून टाईप करून घेतली होती. पाहणीतून वेगळंच निघालं, आणि टाईप केलेली पानं वाया जाऊ नयेत म्हणून मी निष्कर्ष ओढूनताणून त्यांच्याशी जुळवत बसले. ती खंत अजून गेलेली नाही. सहा-सात पानांत तुझं प्रकरण व्हायला हवं. आठव्या पानावर गेलीस तर काय काढता येतं ते बघ.

तू लिहिलंस की हिशेबाचं काही ठेवलेलं नाही. मला ते पटत नाही. रवे यार्डात गेले, सौदे झाले, म्हणजे आडत्यानं दर वेळी पट्टी दिलेली असणार. रवे किती, वजन किती, दर काय निघाला, हमाली, तोलाई, आडत आणि उचलीपोटी किती कापून घेतलं, हे सगळं त्या चिठोऱ्यावर असतं. गुऱ्हाळवाला माणूस पट्ट्या सहसा फेकत नाही. तारेला टोचून खुंटीला अडकवलेल्या असतात, नाहीतर ट्रंकेत, नाहीतर देव्हाऱ्याखालच्या खणात. पुरात भिजून एकमेकींना चिकटल्या असतील तर ओढून सोडवू नकोस, सावलीत वाळव, मग सुट्या कर. पप्पांचं गुऱ्हाळ नमुन्यात धरायचं नाही, तेव्हा त्या पट्ट्यांतले आकडे तक्त्यात जाणार नाहीत. पण त्या वाचल्या की इतर मालकांना काय विचारायचं आणि कुठला कागद मागायचा हे तुला कळेल. आज जेवणं झाली की पप्पांजवळ बस आणि शेवटच्या हंगामाची शेवटची पट्टी कुठं आहे ते विचार.